राखून ठेवलेलं नाव

कंपनीचा जन्म व्हायच्या आधी तिचं बारसं करावं लागतं, आणि तेही सरकारला विचारून, हे दामाजी कोळ्याला चाळिशी उलटल्यावर कळलं. तोवर वागळे इस्टेटमधल्या त्याच्या गाळ्यावर नुसतं 'दामाजी गोमाजी, जाळी व दोर' एवढंच रंगवलेलं होतं आणि त्यावर त्याचं बरं चाललं होतं. कारखान्यांच्या पाण्यानं खाडीतली मासळी मरायला लागली तेव्हा ठाण्याच्या कोळीवाड्यात बहुतेकांनी नशिबाला बोल लावला. दामाजीनं होडी विकून नायलॉनचे दोर वळायचं यंत्र आणलं. वाड्यातल्या दहा-बारा बायका त्याच्याकडे जाळी विणायला येत. आता, १९८८ साली, मंगळूरकडच्या ट्रॉलरवाल्यांनी मोठं काम देऊ केलं होतं. त्यांची अट एकच, की माल रीतसर नोंदलेल्या कंपनीकडूनच घेणार. जुनी गिऱ्हाइकं आता तुटत चालली होती; हे काम हातचं गेलं तर निम्म्या बायकांना घरी बसवावं लागलं असतं.

म्हणून एका रविवारी तो डोंबिवलीला विश्राम प्रधानांकडे गेला. प्रधान फोर्टातल्या एका कचेरीत कंपन्यांचे कागद सांभाळायचे आणि सुट्टीच्या दिवशी ओळखीपाळखीच्यांना सल्ला द्यायचे. माणूस सरळ, पण बोलणं असं की समोरच्याला शाळेच्या बाकावर बसल्यासारखं वाटावं.

"हे पाहा दामाजीशेठ, आधी नाव मंजूर करून घ्यायचं. दुसऱ्या कुठल्या कंपनीशी मिळतंजुळतं चालत नाही. सरकारी संस्था आहे असा भास होता कामा नये. धंदा काय तो नावातून कळला पाहिजे. आणि पसंतीच्या क्रमानं तीन-चार नावं द्यायची."

"तीन-चार कनाला? होरीला नाव एकच असते."

"होडीला असेल हो. इथे सरकारला निवडायला लागतं. मंजूर झालं की तीन महिने ते तुमच्यासाठी राखून ठेवतात. तेवढ्यात नोंदणी केली नाही, तर नाव मोकळं. मग कुणीही उचलावं."

दामाजीनं देवीची नावं दिली. कोळी माणूस दुसरं काय देणार! सगळी परत आली. कुलदेवतांवर देशभरच्या शेठलोकांनी आधीच हात मारून ठेवला होता. प्रधान म्हणाले, "असं काही सांगा, जे तुमच्या घराबाहेर कुणाला सुचणारच नाही."

आणि दामाजीच्या तोंडून निघून गेलं, "आवडलक्ष्मी."

ते त्याच्या थोरल्या भावाच्या, दाजीच्या होडीचं नाव होतं. दाजीनं लग्नाच्या वर्षी होडी बांधली आणि नव्या नवरीचं, आवडाबाईचं नाव लक्ष्मीला जोडून तिच्या नाळीवर, पुढच्या टोकावर रंगवलं. चौदा वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमा करून होडी दर्यावर गेली, ती वसईच्या पुढे वादळात सापडली. दोन खलाशी दुसऱ्या होडीनं वाचवून आणले. दाजी आला नाही, आणि त्याचं प्रेतही आलं नाही.

त्या कोळीवाड्यात एक रीत होती. बुडालेल्या होडीचं नाव कुणी दुसऱ्या कशाला देत नसे. ते त्या घरच्या बाईपाशी राही. तिनं आपल्या तोंडानं नाव सोडलं, की समजायचं, ती वाट पाहायची थांबली. मग वाड्यातल्या बायका तिच्याजवळ येऊन बसत आणि त्या दिवसापासून ती रांडाव, म्हणजे विधवा. आवडाबाईनं नाव सोडलं नव्हतं. लग्नात कोळणीच्या उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देतात. तिच्या डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्या मात्र चौदा वर्षं किणकिणत होत्या.

दामाजीला ही रीत ठाऊक नव्हती असं नाही. आई गेल्यावर ज्या वहिनीनं त्याला भरवून मोठं केलं, तिच्या बांगड्यांचा आवाज तो रोज ऐकत होता. पण वागळे इस्टेटच्या भोंग्यावर उठणारा माणूस झाला होता तो. त्यानं मनाशी म्हटलं, कंपनी म्हणजे काही होडी नव्हे. आपल्या सोयीचं असलं की माणूस रीतीलासुद्धा पोटनियम जोडतो, त्यातलाच हा प्रकार.

"यातली आवड म्हणजे कोण?" प्रधानांनी विचारलं.

"माजी वयनी."

"हयात आहेत? मग त्यांची ना-हरकत घेऊन ठेवा. नोंदणीच्या वेळी लावू. मागाहून कटकट नको."

"घरचीच हाय," दामाजी म्हणाला, "देल ती."

नाव मंजूर झालं. 'आवडलक्ष्मी रोप्स अँड नेट्स प्रायव्हेट लिमिटेड.' दामाजीचा आनंद गगनात मावेना. बंदरावर जाळी सांधत बसलेल्या धोंडिबाला त्यानं ते लांबलचक नाव दोनदा वाचून दाखवलं आणि पेढे आणायला बाजारात गेला. हातात पेढ्यांचा पुडा घेऊन तो घरी पोचला, तेव्हा ओटीवर चपलांची रास होती.

आत वाड्यातल्या बायका जमिनीवर बसल्या होत्या. म्हातारी मनुबाई, तुळसा, गाळ्यावर जाळी विणणारी शालू, सगळ्या. मध्ये आवडाबाई भिंतीला टेकून बसली होती आणि तिला काय झालंय ते कळत नव्हतं.

"कोन गेला ग?" ती विचारत होती. "मना सांगा तरी."

मनुबाईनं पदर तोंडाला लावला. "आवडे, तू नाव सोरलास ना? धोंडिबा बोलला, दामानं कंपनीला दिला. म्हनून आलो बसाला."

पेढ्यांचा पुडा कुठं ठेवावा हेही दामाजीला सुचेना. आवडाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. मग ती बायकांना म्हणाली, "उठा. मी काय सोरला नाय. बसाची वेल आली नाय अजून."

बायका उठल्या. त्या गेल्यावर दामाजी तिच्यासमोर बसला आणि लहानपणी हातून मडकं फुटल्यावर बसायचा तशी मान खाली घालून म्हणाला, "चुकलो, वयनी."

तिनं विचारलं, "सरकार किती दिस ठेवते नाव?"

"तीन महिने."

"आनि मानूस आलाच नाय, त?"

"त मोकला सोरतान. मंग कोनी पन घेवाचा."

"तीन महिने," आवडाबाई म्हणाली. "मी चौदा वरसा ठेवलाय." आणि ती चूल पेटवायला उठली.

त्यानंतर घरात त्या नावाचा उच्चार झाला नाही. दामाजीनं तिला सही मागितली नाही. सही मागायची म्हणजे तिच्या हातातल्या बांगड्या मागायच्या, हे आता त्याला लख्ख कळलं होतं, आणि आधी कळलं नाही याची लाज त्याला जेवताखाता टोचत होती. ती मात्र पूर्वीसारखीच त्याला ताटात मासळीचा मधला तुकडा वाढत राहिली. संध्याकाळी बंदराच्या पायरीवर जाऊन बसायची तिची सवयही तशीच चालू होती.

मुदत संपत आली तेव्हा प्रधान स्वतः गाळ्यावर आले. बाकीचे सगळे कागद तयार करून आणले होते.

"परवा मुदत संपते, दामाजीशेठ. दुसरं नाव घ्यायचं तर पहिल्यापासून सुरुवात. मंगळूरवाले तेवढं थांबतील?"

"नाय थांबायचे."

"मग?"

दामाजीनं विणणाऱ्या बायकांकडे पाहिलं. शालूचा नवरा कारखाना बंद पडल्यापासून घरी होता, तुळसाच्या पदरात तीन पोरं. दामाजीला सगळं दिसत होतं. "जाव दे," तो म्हणाला. "नाव माजा नाय. जिचा हाय तिचा राहू दे."

तेवढ्यात यंत्राच्या घरघरीतून बांगड्यांचा आवाज आला. दारात आवडाबाई उभी होती. एवढ्या वर्षांत तिनं गाळ्यात पाऊल टाकलं नव्हतं. रस्ता विचारत विचारत आली होती, चेहरा उन्हानं तापला होता. तीन महिन्यांची गोष्ट तिनं बरोबर ध्यानात ठेवली होती.

"दामा, उद्या-परवा नाव मोकला व्हनार ना?"

"होय वयनी. पन तू—"

"मंग कोन तरी परका उचलील. त्याना काय ठावा, कोनी कोनासाठी ठेवलेला." ती प्रधानांकडे वळली. "कुठं सही कराची, सायेब?"

दामाजी पुढे झाला. "वयनी, माज्यासाठी नको करू. धंदा काय, होईल नायतर नाय होनार."

"तुज्यासाठी नाय," ती म्हणाली. "तो आला असता त त्या दोन खलाशांबरोबर त्याच दिसी आला असता. मना ठावा होता. फकस्त नाव कुनाच्या हातात देव, ते समजत नव्हता. आता तू मागितला नायस, म्हनून देतय."

प्रधानांनी चष्मा पुसला. ना-हरकतीचा कागद काढला आणि पेनचं टोपण उघडलं. "मी, आवडाबाई..." असं लिहून ते थांबले. मग आवाज खाली आणून, शाळामास्तरकी सगळी सोडून, त्यांनी विचारलं, "बाई, पुढे यजमानांचं नाव येतं. त्याच्याआधी... कैलासवासी लिहू ना?"

आवडाबाईनं डाव्या हातावर उजवा हात ठेवला. दामाजीनं हात लांबवून यंत्र बंद केलं. विणणाऱ्या बायकांच्या सुया थांबल्या.

"लिव्हा," ती म्हणाली.

त्यांनी लिहिलं. तिनं सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली, पेन परत दिलं आणि दोरांच्या भेंडोळ्यांमध्ये जमिनीवर बसली. मग तिनं शालूकडे, तुळसाकडे, सगळ्या बायकांकडे पाहिलं.

"या ग," ती म्हणाली. "बसा आता माज्याजवल."