दोन तांबड्या रेघांच्या आत

रुबीनाने मिलचे मिस्त्री लटारूभाऊंचा हात चाकावरच धरला.

"भाऊ, नका फिरवू."

"काऊन? कणी वाढून राह्यली, दिसत नाई तुले?"

"वाढली, पण तांबड्या रेघेच्या आतच आहे. तेवढं खालीवर होतेच. सारे ठिपके एकाच बाजूनं चढत गेले, तर मशीन उघडा."

भाऊ तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत स्टुलावर जाऊन बसले. आरमोरीच्या या राइस मिलमध्ये भात सोलणाऱ्या रबरी रोलांमधली फट कमीजास्त करणारं ते चाक म्हणजे त्यांचा जीव की प्राण. नमुन्यात कणी, म्हणजे तुटका तांदूळ, दिसली की सैल, भात सोलायचा राहिला की घट्ट. दिवसभर हाताला उसंत नसे. त्यामुळे तांदळाचा काही भरवसाच उरला नव्हता. व्यापाऱ्याने दोन गाड्या परत धाडल्या, तेव्हा इंजिनिअर होऊन आलेल्या रुबीनाने भिंतीवर आलेख लावला. मधोमध सरासरीची हिरवी रेघ, वरखाली तांबड्या, आणि दर नमुन्यातल्या कणीचा एक ठिपका.

"हेही गाडी परत आली," तिचे अब्बा, अजीमभाई, म्हणाले होते, "तर कागद उतरव अन् गल्ल्यावर बस. मिल लटारू पाहीन."

चाक थांबलं आणि उड्या मारणारे ठिपके शहाण्यासारखे हिरव्या रेघेभोवती बसू लागले. रुबीना निर्धास्त मनाने घरी जेवायला गेली. दुसरा घास घेते न घेते तोच मिलचा आवाज थांबला. ती तशीच खरकट्या हाताने धावली.

"ऐन लोडिंगच्या वेळेस बंद कोणं केली?" अजीमभाई कडाडले.

"म्या." लटारूभाऊ आलेखासमोर उभे होते. "ठिपके आतच आहेत मालक, पण सारेच्या सारे वर चढून राह्यले. माया हात तं लागलाच नाई. मंग हे मशीनचंच आहे."

झाकण उघडलं. एका रोलाचं रबर एका अंगाने पार झिजलं होतं. रुबीनाला भाऊंना मिठीच मारावीशी वाटली. रोल बदलून, उरलेला भात भरडून गाडी रवाना झाली.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा फोन आला. माल पास झाला होता, वर आणखी दोन गाड्यांची मागणी होती. अजीमभाईंनी फोन खिशात टाकला, घसा खाकरला आणि लेकीकडे न पाहता विचारलं,

"पॉलिशरच्या भिंतीले कागद काऊन नाई लावला अजून?"