मेंढरांचा उतार

अर्पितानं आत्याच्या ओसरीवर नकाशा पसरला. गंगाखेडला गोदावरीच्या काठी घाट, बाग आणि फिरायची वाट होणार होती; पुराच्या पाण्याची आखणी अर्पिताकडे होती. नाल्याच्या तोंडाशी तिनं मोकळी ठेवलेली सखल जागा म्हणजे भिवराबाईआत्याचा मेंढवाडा. नोटीस येण्याआधी आपणच सांगावं, म्हणून ती आली होती.

"हे निळं काय हाय?"

"तुझा वाडा. पुरात तिथं पाणी थांबेल."

"माझ्या मेंढरांना उठवून पाण्याला बसवायलीस व्हय?"

आत्याचे यजमान दत्तराव हसले. "हिला शाळेत आपणच घातली की!"

"काठाला नुसती भिंत बांधली तर पूर नाल्यातून मागं शिरतो, आत्या. वरून आलेलं पावसाचं पाणीही अडतं. सगळं बाजारगल्लीत जातं. त्याला पसरायला जागा हवी."

"मला सांगू नको. मागल्या पुरात बाज गेली. हे तिच्यावर निजलेले असते तर हेबी गेले असते."

"म्हणून वाडा वरच्या पडीकात न्यायचा. जागेचं मी घाटाच्या समितीशी बोलले आहे."

आत्या घाटाच्या रेघांवरून बोट फिरवत राहिली. "ह्या सगळ्या पायऱ्या? मग कातरणीच्या आधी मेंढरं कुठं धुवायची? वल्लं मेंढरू दगडावर घसरतंय. एडक्याचे कान धरून पाण्यात तूच उभी राहायचीस ना गं?"

अर्पिता ओशाळली. पेन्सिल घेऊन तिनं सखल जागेलगतच्या पायऱ्या खोडल्या आणि खरबरीत दगडांचा उतार काढला. पूर ओसरताना साठलेलं पाणीही तिथून नदीत परत जाणार होतं. तिनं चढ पुन्हा तपासला.

"उतार देते. पण वाडा हलवायचाच. त्यात बदल नाही."

आत्यानं नकाशावरच्या निळ्या जागेवर बोट टेकलं.

"दसऱ्यानंतर तिथलं गवत माझ्या मेंढरांचं."

"समितीला विचारावं लागेल."

"इचार. न्हाई म्हणले तर मीच येते, एडका घेऊन."

समितीनं कुरकुरत होकार दिला. उन्हाळा संपत आला तशी आत्यानं वाड्याच्या मेखा स्वतः उपटल्या, कुणाला हात लावू दिला नाही. दत्तरावांनी काटेरी फांद्या ओढत नेल्या. अर्पिताकडे उचलून न्यायला एक लंगडं कोकरू आलं. ते तिच्या ओढणीचं टोक चघळत होतं.

चढावर आत्या थांबली, पदरानं मान पुसली आणि मोकळ्या झालेल्या जागेकडे बघून म्हणाली, "आता यंदा पाणी आलं न्हाई, तर मी तुझ्याशी बोलायची न्हाई बघ."