न भिजणारं वस्त्र

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर कोरडे महाराजांनी काचेच्या वाडग्यावर पांढरंशुभ्र वस्त्र ताणून बांधलं आणि त्यावर गढूळ पाणी ओतलं. पाण्याचे थेंब मोत्यांसारखे वरच लोळत राहिले; वाडगा आतून कोरडा ठणठणीत. शेकडो हात जोडले गेले.

"रोग असाच देहाबाहेर राहतो," महाराज म्हणाले. "वस्त्र पोटावर बांधा, यंत्रं सोडा. यंत्राने रक्त धुणं म्हणजे देवाच्या कामात खोट काढणं."

मागे वहिनीशेजारी उभ्या असलेल्या नणंदेने ते वस्त्र पाहताक्षणी ओळखलं. ती रसायनशास्त्रज्ञ होती. फ्लोरिनयुक्त प्लास्टिकचे असेच पातळ पडदे बनवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. तिच्या दादाची मूत्रपिंडं निकामी झाली होती, आणि महाराजांच्या शब्दावर वहिनीने त्याचं डायलिसिस बंद केलं होतं. सकाळी ती पोचली तेव्हा त्याचे पाय खांबासारखे सुजले होते. इस्पितळात चल म्हणून तिने हातापाया पडून विनवलं. वहिनी म्हणेल तसं, एवढंच तो पुटपुटला. वहिनी ऐकेना. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं मानू, म्हणाली. म्हणून तिच्या डोळ्यांदेखत उलगडा करायला नणंद इथे आली होती.

ती मंचावर चढली. पिशवीतून जखम पुसायचं स्पिरिट काढून तिने वस्त्रावर शिंपडलं. पांढरा पडदा तेल लागलेल्या कागदासारखा पारदर्शक झाला. मग तिने तेच गढूळ पाणी ओतलं. ते टपटप वाडग्यात उतरलं.

स्पिरिटचा विटाळ झाला, शक्ती गेली, असं महाराज घाईघाईने सांगू लागले. तिने प्रयोगशाळेतून आणलेला तुकडा दाखवला.

"याला कुणाचाच आशीर्वाद नाही," ती म्हणाली आणि त्यावर पाणी ओतलं. थेंबही खाली गेला नाही. "याची छिद्रं फार बारीक आहेत, आणि हे प्लास्टिक पाण्याला जवळ करत नाही. स्पिरिटला करतं. स्पिरिटने छिद्रं भिजली की मागोमाग पाणीही जातं. पावसाळी कोटात हाच पडदा असतो. डायलिसिसच्या यंत्रातला पडदा वेगळा, तो रक्तातलं विष बाहेर जाऊ देतो. हा पोटावर बांधून काहीच बाहेर पडत नाही."

अर्धी गर्दी उठली. अर्धी हात जोडून तशीच बसून राहिली.

वहिनी पांढरीफटक पडली होती. दोघी घरी धावल्या, दादाला इस्पितळात नेलं. परंतु रक्तात साचलेल्या क्षारांनी, यंत्र जोडायच्या आतच, त्याचं हृदय बंद पाडलं.

भेटायला आलेले शेजारी नशिबाला बोल लावू लागले. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. नणंदेने तिचा हात हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नशीब नव्हे. दादाला फसवून मारलंय. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी विचारा, हे दुसऱ्या कुणाच्या हातून होतं का? आणि जो चालू उपचार बंद करायला सांगतो, त्याच्या दारात पुन्हा पाऊल टाकू नका. तुमच्या घरातलं माणूस अजून जिवंत आहे."

कोपऱ्यातली एक म्हातारी उठली, पदराआडून पोटावरचं वस्त्र सोडलं आणि इस्पितळाचा रस्ता विचारू लागली.