फुगलेला डावा कोपरा

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्ही म्हणाल, हा तर एक जुना कॅरम बोर्ड. खरं आहे, पण गेल्या चार वर्षांत माझ्यावर कुणी कॅरम खेळलेलं नाही. उंबरमाळीजवळच्या आमच्या शाळेत भगीरथ सर माझ्यावर मुलींना बास्केटबॉल शिकवतात. पाच काळ्या सोंगट्या आमच्या, पाच पांढऱ्या समोरच्यांच्या लाल राणी म्हणजे बॉल आणि समोरच्या कडेचा मध्य म्हणजे बास्केट. कुणी कुठे पळायचं, कुणाला पास द्यायचा, हे सर पावडर टाकून सोंगट्या सरकवत दाखवायचे. मी तर स्वतःला मोठा शहाणा समजायचो.

दोन वर्षांपूर्वी मला गळक्या खोलीत भिंतीला टेकवून सगळे विसरले. श्रावण सरेपर्यंत माझा डावा कोपरा भिजून फुगला. तिथे सोंगटी अडखळू लागली, तसा सरांचा हात आपोआप उजवीकडे वळू लागला. त्यांच्या ते ध्यानात आलं नाही. माझ्या आलं होतं. पण मला बोलता येत असतं तरी मी गप्पच बसलो असतो, कारण फुगलेले बोर्ड चुलीत जातात.

यंदा मुरबाडच्या संघाशी तीन सामन्यांची मालिका होती. दोन जिंकेल तो संघ जिल्ह्याला जाणार. पहिला सामना आमच्या रुपालीने उजवीकडून धडाधड बास्केट करून जिंकून दिला. दुसऱ्यात मुरबाडच्या तीन मुली उजवीकडेच ठाण मांडून बसल्या आणि आम्ही चौदा गुणांनी हरलो.

तिसरा सामना शहापूरला झाला. मध्यंतराला आम्ही नऊ गुणांनी मागे होतो. सरांनी मला मांडीवर घेतलं आणि पुन्हा उजवीकडचीच चाल मांडायला सुरुवात केली. माझा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात डाव्या बाजूला खेळणाऱ्या, दहावीतल्या अबोल अंजूने आपल्या सोंगटीवर बोट ठेवलं.

"सर, त्या समद्या उजवीकडंच उभ्या हायेत. माझी सोंगटी या कोपऱ्यात अडकते, म्हणून तुमी मला बॉल द्यायला कधी सांगतच नाय."

सरांनी सोंगटी सरकवून पाहिली. ती हलली नाही. सरांचा चेहरा उतरला. मग त्यांनी ती उचलली आणि थेट बास्केटसमोर ठेवली.

उत्तरार्धात रुपाली अंजूला पास देऊ लागली. अंजू बॉल लगेच परत करायची, पण तेवढ्याने मुरबाडच्या मुली गोंधळल्या आणि फट पडली. शेवटच्या क्षणी आम्ही फक्त एका गुणाने मागे होतो. तिघींनी रुपालीला घेरलं. तिने बॉल अंजूकडे टाकला. अंजू एकटीच मोकळी होती. मालिकेत बास्केटवर मारलेला तिचा तो पहिलाच बॉल. तो कडीवर दोनदा फिरला आणि बाहेर पडला.

अंजू तिथेच खाली बसली. सर तिच्याजवळ गेले.

"चूक तुझी नाय, पोरी. नेम बसायला सराव लागतो. तो मी तुला दिलाच नाय."

पुढच्या वर्षी अंजू शाळेत नसेल. मला याचं फार वाईट वाटतं. म्हणून मित्रांनो, हात जोडून सांगतो, वस्तू कोरड्या जागी ठेवा आणि बिघडल्या तर वेळेवर दुरुस्त करा. माझा एक कोपरा भिजला, आणि एक मुलगी दोन वर्षं नुसती उभी राहिली.