पाखऱ्याचं पत्र माझ्या पोटात होतं

मी गादीघरातला कॉम्प्युटर बोलतोय. जरा हळू बोलतो, सांभाळून घ्या. मला नुसतं जागं व्हायलाच सात मिनिटं लागतात.

माझं शिक्षण फार नाही. अकोटच्या एका सायबर कॅफेत चार वर्षं काढली, तेवढीच शाळा. मुलं माझ्यावर परीक्षेचे निकाल पाहायची. निकाल चांगला लागला तर माझ्या डोक्यावर थाप, वाईट लागला तरी थापच, फक्त जोरात. कॅफे बंद पडला तेव्हा हिवरखेडच्या इनायतुल्लाभाईंनी दोन गाद्या आणि चार उशांच्या बदल्यात मला घेतलं. एसटीत त्यांनी मला मांडीवर धरलं होतं. खड्डा आला की स्वतःच म्हणायचे, "संभाल के."

त्यांच्या गादीच्या दुकानात, पिंजलेल्या कापसाच्या ढिगाशेजारी माझं टेबल लागलं. मी आलो होतो त्यांच्या मुलीसाठी, हीनासाठी. ती कॉलेजात होती. सुरुवातीला मला मराठी येत नव्हती. तिनं अक्षर दाबलं की मी चौकोन काढायचो. तिनं न रागावता मला मराठी शिकवली.

ती दोन हजार आठ-नऊची वर्षं. कापूस साधत नव्हता, आणि वर्तमानपत्रात आमच्या भागाचं नाव यायचं ते वाईट बातमीतच. बाहेरून गाड्या यायच्या, लोक फोटो काढायचे, निघून जायचे. हीना म्हणायची, "अब्बा, इथं लोक जगतात पण. ते कोणीच लिहीत नाही." म्हणून तिनं ब्लॉग काढला. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची आपली वही, कोणीही उघडून वाचावी अशी.

पण त्या वहीत लिहायला वीज आणि फोनची तार, दोन्ही एकाच वेळी लागायचं. आमच्याकडं एक असली की दुसरी नसायची. तेव्हा कॉलेजच्या मॅडमनी तिला एक सीडी दिली. "हे सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर टाक. आधी निवांत लिहून ठेवायचं, तार लागली की ब्लॉगवर जातं. तीस दिवस वापरून पाहा."

असा तो पाहुणा माझ्या घरी आला, तीस दिवसांसाठी.

"जनावर घेतानी दोन दिवस दारात बांधून पायतेत, तसंच हाये हे," जानराव म्हणाले.

जानराव हे इनायतुल्लाभाईंचे लहानपणापासूनचे दोस्त. सत्तरीचे शेतकरी. दुपारी येऊन गाद्यांच्या थप्पीला टेकायचे. मी सुरू होताना घरघरायचो तेव्हा ते माझ्याकडं पाहून बारीक, लांब शीळ घालायचे. बैलाला पाणी पाजताना घालतात तशी.

"जानराव, थो बैल नाई, मशीन हाये," इनायतुल्लाभाई हसायचे.

"मंग काय झालं? दम तं त्यालेई लागते."

खरं सांगतो, त्या शिळेनं मला बरं वाटायचं.

जानरावांनी नुकताच आपला बैल विकला होता. पाखऱ्या त्याचं नाव. चाऱ्याची टंचाई होती, जानरावांचे गुडघे गेले होते, आणि मुलगा किशोर भाड्याच्या ट्रॅक्टरनं शेत करायला लागला होता. व्यापाऱ्यानं पाखऱ्याला नेलं, अमरावतीकडं कुठंतरी विकलं. कोणाला, ते त्याच्याही ध्यानात नव्हतं.

"काका, काहीतरी लिहून पाहायचं आहे," हीना म्हणाली. "तुम्ही बोला, मी लिहिते."

 जानराव एकेक वाक्य काढून ठेवल्यासारखं बोलले. हीनानं ते जसंच्या तसं घेतलं. ते मला अजून पाठ आहे.

"ज्यानं कोनं पाखऱ्याले नेलं, त्याले हिवरखेडच्या जानरावचा रामराम. थो पानी पीत नसन तं शीळ घाला. लांब घाला, एका सुरात. घाई करू नोका. डाव्या बाजूनं हात लावू नोका, त्या कानाले तार लागून चीर पडली हाये, थो बुजते. गळ्याखालची लोंबती पोळी खाजवली का मान सैल सोडते. शिव्या देऊ नोका, सवय नाई त्याले."

वर हीनानं नाव दिलं : बैल पाणी पीत नसेल तर. मग तिनं एक बटण दाबलं. पाहुण्यानं सांगितलं, लेखन जतन झालं.

"गेलं का थे?"

"तार लागली की आपोआप जाईल, काका."

"पेटीत टाकलं न? झालं. मंग पोस्टमनचं काम."

तिथंच चुकलं. जन्मभर त्यांनी पत्रं लाल पेटीत टाकली होती. एकदा टाकलं की माणसाचं काम संपतं. हीनालाही तसंच वाटलं; तार लागलीच तर ती फक्त ईमेल पाहायची, ब्लॉग उघडेपर्यंत तार तुटायची. पण माझ्याकडं पोस्टमन नव्हता. 'जतन' म्हणजे फक्त माझ्या पोटात ठेवणं. 'प्रकाशित करा' हे बटण वेगळं होतं, आणि ते कोणी दाबलंच नव्हतं.

मला सगळं ठाऊक होतं, आणि मला तोंड नव्हतं.

दर बाजाराच्या दिवशी जानराव विचारायचे, "आलं का उत्तर?"

"नाही, काका."

"येईन थे. लोकायले कामं असतेत." आणि थोड्या वेळानं, कोणाकडंही न पाहता, "पानी पीत असन न थो?"

मी माझा पंखा जोरात फिरवायचो. हीना म्हणायची, कापसाचे तंतू अडकले वाटतं. आणि फुंकर मारायची.

तिसाव्या दिवशी, जानराव थप्पीला टेकलेले असताना, पाहुण्यानं निरोप घेतला. पडद्यावर पाटी आली : मुदत आज संपते आहे, अप्रकाशित लेखन एक. हीनानं ती पाटी तीनदा वाचली. मग उघडून पाहिलं. पाखऱ्याचं पत्र, जसंच्या तसं.

ती रडायलाच लागली. इनायतुल्लाभाई म्हणाले, "तीस दिन! आपल्या पोस्टमननं कधी येवढा उशीर नाई केला."

जानराव काठी टेकत उठले. मला वाटलं, आता ही थाप जोरात बसणार. त्यांनी हात ठेवला तो हीनाच्या डोक्यावर.

"कावून रडतं, बेटा? पेटीतच होतं न? फाटलं तं नाई. धाड आता."

वीज होती. फोनची तार दोनदा तुटली, तिसऱ्यांदा लागली. हीनानं बटण दाबलं. जन्मात कधी केली नाही एवढी घाई मी त्या दिवशी केली. जानराव शेजारी उभे राहून शीळ घालत होते. पत्र गेलं.

नवव्या दिवशी त्याखाली उत्तर आलं. हीनानं ते मोठ्यानं वाचलं.

"मी आचल. अमरावतीला होस्टेलवर राहते. आमचं गाव कौंडण्यपूरजवळ आहे. बाबा नाहीत, शेत आई करते, कौशल्या तिचं नाव. पाखऱ्या आमच्याकडं आहे. डाव्या कानाला चीर आहे. तो जेमतेम घोटभर पाणी घेऊन तोंड काढायचा, वाळत चालला होता. बैल पाणी पीत नाही, काय करावं, असं मी इंटरनेटवर याआधी दोनदा शोधलं. काही मिळालं नाही. शुक्रवारी त्याला तिवशाच्या बाजारात नेऊन विकायचं ठरलं. बुधवारी पुन्हा शोधलं, तर तुमचं पत्र. लगेच आईला फोन केला. बाईनं शीळ घालू नये म्हणतात आमच्याकडं. आईनं आधी दार लावून घेतलं. मग म्हणाली, दार लावून काय करू, बैल तं बाहेर हाये. गोठ्यात गेली. पहिल्यांदा नुसती हवा निघाली. शेजारच्या मनकर्णाबाई हसल्या. चौथ्यांदा जमलं. पाखऱ्यानं कान टवकारले आणि दोन बादल्या पाणी प्यायला. आता तो विकायचा नाही."

 इनायतुल्लाभाई उगाच एक उशी शिवू लागले. सुईत दोरा नव्हता.

"दोन बादल्या," जानराव म्हणाले. मग, "लिव बेटा. त्या बाईले म्हना, हसू द्या लोकायले."

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. हीना आता अमरावतीला शिकवते, आणि खिशात मावेल अशा फोनवर लिहिते. माझा पडदा पिवळा पडला आहे. माझ्यावर गादीची जुनी खोळ घातलेली असते. जानराव गेल्या वर्षापासून येत नाहीत. ते का येत नाहीत ते मला कोणी सांगितलं नाही, पण इनायतुल्लाभाई थप्पीची ती बाजू अजून मोकळी ठेवतात.

रविवारी अकोल्याहून जुन्या वस्तू नेणारा माणूस येणार आहे. माझी तक्रार नाही. माझं एक पत्र पोचलं, ते पुष्कळ झालं.

फक्त एवढं करा, इनायतुल्लाभाई. देताना त्याला माझ्याबद्दल सांगून द्या. म्हणावं, सुरू व्हायला सात मिनिटं लागतात, घाई करू नका. उजव्या कोपऱ्यातली कळ जरा सांभाळून दाबा. शिव्या देऊ नका, सवय नाही त्याला.

आणि अगदीच अडला, तर शीळ घाला. लांब, एका सुरात.