लाल झालेलं चौथं प्रकरण

"चौथा अध्याय पूरा चोरी का निकल रहा है, आभा जी," आभाचे पीएच.डी.चे मार्गदर्शक डॉ. कुशल निरंजन म्हणाले आणि त्यांनी पानाचा तोबरा दुसऱ्या गालात सरकवला.

आभाचा प्रबंध संगणकाने तपासला होता. दुसरीकडे छापून आलेला मजकूर तो लाल करतो. चौथं प्रकरण सगळंच लाल होतं आणि शेजारी मूळ लेखकाचं नाव होतं, डॉ. कुशल निरंजन. बुंदेलखंडातल्या मराठी घरांतली मंगळागौरीची गाणी, त्यांचे अर्थ, तिच्या टायपिंगच्या चुकासुद्धा सरांनी जशाच्या तशा उचलल्या होत्या.

"सर, ये तो मैंने आपको जाँचने के लिए दिया था."

"तो जाँच लिया न!" सर हसले. "हर पन्ने के नीचे मेरे लेख का संदर्भ डाल दो, मामला ख़त्म. और ये राधाबाई कौन है? हटाओ. बूढ़ी औरत भी कोई संदर्भ होती है?"

आभाला किळस आली. या विभागात संदर्भ म्हणजे लग्नातला आहेर, तुम्ही आमचा द्या, आम्ही तुमचा देतो. तक्रार करावी, तर तक्रार समितीचे अध्यक्षही हेच महाशय.

गुरसरायच्या ज्या राधाबाईंकडून आभाने ही गाणी उतरवून घेतली होती, त्या कुठलंही गाणं म्हणण्याआधी ते कुणाचं ते सांगायच्या. हे माझ्या सासूबाईंचं, हे चिरगाँवच्या जावेचं. नाव घेतल्याशिवाय तोंड उघडायच्या नाहीत. "किताबीत त्यांची नावं टाक हो पोरी. माझं नसलं तरी चालेल," एवढंच त्यांचं मागणं होतं आणि आभाने शब्द दिला होता.

राधाबाईंची गाणी सरांच्या नावावर लिहायला तिचा हात धजेना. तिने अख्खं प्रकरणच काढून टाकलं. सरांनी सही ठोकली. "पतला हो गया, अच्छा है. मिठाई कब खिला रही हो?" त्या खोलीतून बाहेर पडल्यावर तिने नळाखाली हात खसखसून धुतले.

रविवारी ती बसने गुरसरायला गेली आणि राधाबाईंना सगळं सांगून टाकलं. शिव्या खायच्या तयारीनेच ती गेली होती. पण राधाबाई रागावल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्यांनी विचारलं,

"म्हणजे ती गाणी आता त्या डाक्टरची झाली?"

"छापलीत त्यांच्या नावावर, काकू."

"मग श्रावणात आम्ही म्हटली, तर त्याला विचारावं लागेल काय गं?"

"छे हो, काहीतरीच काय! तुमचीच आहेत ती. म्हणा ना एखादं. मला ऐकायचंय."

राधाबाईंना खरं वाटलं की नाही, कोण जाणे. मग गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, रस्त्याकडचं दार लावून कडी घातली आणि अगदी हळू आवाजात गाऊ लागल्या.