उघडा पत्रा

निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी गल्ली त्याला फोरमनच म्हणायची. त्याने भंगारातून एक जुनी गाडी ओढून आणली, तेव्हा बायको म्हणाली, "या वयात सवत आणलीत घरात!" पण महिन्याभरात तीच शेडमध्ये स्टूल टाकून बसू लागली. पुट्टी घासून झाली की डोळे मिटून पत्र्यावरून हात फिरवायची. "इथं अजून पोचा आहे." त्याच्या डोळ्यांना न दिसलेलं तिच्या बोटांना बरोबर सापडायचं. "सवतीची पाठ चोळणारी जगात मी एकटीच असेन," हे वर आणि.

मग तिचं दुखणं निघालं, आणि बघता बघता ती दवाखान्यातल्या खाटेला खिळली. उशाशी तिची धाकटी बहीण बसायची. पन्नाशी उलटली तरी सगळ्यांची छोटीच. फोरमन रोज संध्याकाळी जायचा, खुर्चीच्या कडेला टेकायचा. काय बोलावं सुचायचं नाही, म्हणून गाडीचंच सांगायचा. बायको ऐकायची, किंवा ऐकल्यासारखं करायची.

बरेच दिवस हवा दमट होती. एके सकाळी ऊन पडलं तसं त्याने गाडीचे सुटे करून ठेवलेले दरवाजे आणि बॉनेट घासून जुना रंग पार काढून टाकला. खाली चकचकीत पत्रा निघाला. असा उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी गंज धरणार. म्हणून त्याने लगेच मगमध्ये गंज रोखणारा करडा प्रायमर ओतून त्यात हार्डनर कालवला, आणि तेवढ्यात फोन वाजला.

"भाऊजी, असाल तसे निघा," छोटी म्हणाली. "डॉक्टर म्हणतायत, जवळच्या माणसांना बोलवा."

"आलोच."

तो निघणारच होता. पण नजर प्रायमरच्या मगकडे गेली. कालवलेला प्रायमर थोड्याच वेळात दगड होणार, सगळी मेहनत मातीत जाणार. मागेही डॉक्टर असंच म्हणाले होते, आणि ती सावरली होती. दहा मिनिटांचं तर काम. ते दहा मिनिटांचं नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्याने मास्क चढवला आणि कॉम्प्रेसर चालू केला.

एक हात मारला. तो सुकेपर्यंत थांबला. दुसरा मारला. फोन पुन्हा वाजत असावा. कॉम्प्रेसरच्या आवाजात कळलं नाही, आणि त्याने वळून पाहिलंही नाही. हातातली स्प्रे गन चालत होती तोवर जगात काहीच घडत नव्हतं. कित्येक महिन्यांत छातीला एवढा आराम पडला नव्हता.

तो पोचला तेव्हा छोटी खोलीच्या दारातच उभी होती. आत चादर तोंडावर ओढलेली. तो पुढे सरसावला, तशी तिने त्याची मनगटं धरली. कोपरापर्यंत करडा रंग होता.

"असल्या हातांनी शिवू नका तिला."

तिने त्याला बेसिनशी नेलं आणि लहान पोराचे धुवावेत तसे त्याचे हात साबणाने घासू लागली. करडेपणा काही निघेना.

"दोनदा विचारलं तिनं, आले का म्हणून," ती नळाकडे बघत म्हणाली. "मी सांगितलं, जिना चढतायत."

"दुसऱ्यांदाही?"

"दुसऱ्यांदाही."

त्यानंतर छोटीने त्याच्या घरचा उंबरा ओलांडला नाही. तो दोनदा तिच्याकडे गेला. दारातच बोलली, आत या म्हणाली नाही.

पुढे एक पेंटर गाडीच्या उरलेल्या रंगकामाची चौकशी करायला आला. त्याने दरवाजांवर नख फिरवून पाहिलं. "वा! काम अगदी निवांत केलेलं दिसतंय."

 फोरमन म्हणाला, "दरवाजे घेऊन जा. गाडीसकट."

पेंटरला थट्टा वाटली. पण फोरमनने स्वतःच एक दरवाजा उचलून बाहेर नेऊन ठेवला आणि दुसरा आणायला आत वळला.